सरळ केलेली वाट

"थांबा! वाट सरळ झालीये!"

हॅटी इतकी अचानक थांबली, की मागून बर्फावरून घसरत आलेला तिचा मित्र ऑटो तिच्यावर आदळला आणि ऑटोवर त्याची धाकटी बहीण जून.

"डोकं फिरलंय का तुझं? वाट काय आपोआप सरळ होते?" ऑटो कपाळ चोळत ओरडला.

"काठ्या बघ ना, गाढवा!"

ऑटोने बघितलं आणि कपाळावरचा हात खाली घेतला. खालच्या जंगलातून वस्तीकडे येणारी वाट या माळावरून जाते. हिवाळाभर तिच्यावर पुरुषभर बर्फ असतो, म्हणून वस्तीतले गस आजोबा दर वर्षी नऊ नारिंगी काठ्या रोवतात. काठ्यांची रांग आधी डावीकडे वळते, बर्फात गाडलेल्या लाकडी पुलावरून ओढा ओलांडते आणि मग वर चढते. आज मात्र रांग जंगलाच्या तोंडापासून थेट शिखराच्या दिशेने, पट्टीने आखल्यासारखी!

"म्हणजे आता ती..." जूनने ओढ्याकडे बोट दाखवलं.

"पूल सोडून थेट ओढ्यावरच्या बर्फावरून जाते. बर्फ खालून पोखरलाय, नेमकं तिथून," हॅटी म्हणाली.

मार्च संपत आला होता. या दिवसांत सकाळी बर्फ दगडासारखा असतो, घोडा नाचवला तरी खूण उमटत नाही. दुपारी त्याचाच लगदा होतो. आणि आज दुपारीच हॅटीची आई वर यायची होती! हॅटीच्या सहा वर्षांच्या भावाचा, टेडीचा पाय मोडला होता. प्लास्टर घातलेल्या टेडीला ती घसरगाडीवर ओढत आणणार होती. ढग तर आत्ताच खाली उतरायला लागले होते. धुक्यात आई फक्त काठ्या बघून चालणार. तिला कळवावं, तर जंगलात फोन लागत नाही.

"इकडे या!" ऑटोने हाक मारली. काठ्यांशेजारी पावलांचे गुडघाभर खोल खड्डे होते, गोठून टणक झालेले. "आज सकाळची पावलं असती, तर उमटलीच नसती. ही काल दुपारची आहेत!"

"आणि बर्फात रुतू नये म्हणून घालायचे जाळीचे बूट न घालता, भर दुपारी, या डोंगरावर कोण धडपडतं?"

तिघांनी एकदमच तोंड वाकडं केलं. "स्टर्लिंग!"

मिस्टर स्टर्लिंग दोन आठवड्यांपूर्वी शहरातून आले होते. माळाच्या काठची केबिन भाड्याने घेऊन ते 'मी एकटा आणि माझा डोंगर' नावाचे व्हिडिओ काढायचे. एकटे म्हणे! पाणी आणून द्यायचे गस आजोबा, लाकडं फोडून द्यायचे ऑटोचे बाबा, आणि शेगडी पेटवायला रोज जून जायची, कारण धुराड्याची झडप उघडायची असते हे साहेबांच्या कधी लक्षातच राहत नसे. उंटावरचा शहाणा नुसता! हॅटीला त्यांच्या विंचरलेल्या दाढीचासुद्धा राग यायचा.

तिघं पोचली तेव्हा ते पायरीवर बसून कॅमेऱ्यासमोर कॉफी पीत होते.

"काल दुपारी तुम्ही माळावर गेला होतात का?" हॅटीने सरळच विचारलं.

"मी? छे! दुपारी मी ध्यान करतो. काठ्या वाऱ्याने हलल्या असतील, बाळा. जरा डोंगर वाचायला शिका."

"वाऱ्याने नऊच्या नऊ काठ्या उपटल्या आणि ओळीत रोवल्या? फारच शिस्तीचा वारा हो!"

"मोठ्या माणसांशी असं बोलू नये," म्हणत त्यांनी पुन्हा कॅमेऱ्याकडे तोंड केलं.

हॅटीने दातओठ खाल्ले. मग एकाएकी ती हसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "चल ऑटो! गस आजोबांना दोर घेऊन बोलाव. सगळ्या काठ्या उपटू आणि होत्या तशा वाकड्या लावू!"

"एवढ्या मोठ्याने काय ओरडतेस? मी शेजारीच उभा आहे!"

"तुला नाही सांगत, मठ्ठ!" ती पुटपुटली.

गस आजोबा दुखरा गुडघा सांभाळत, पण भराभर आले. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "भांडण नंतर. आधी काठ्या." मोठ्या जळक्या झाडापासून सतरा पावलं, तिथे पुलाचं टोक. ऑटोने पावलं मोजली, जूनने काठीने ठोकून खालचं लाकूड शोधलं, हॅटीने काठ्या रोवल्या. एक झाली, दोन झाल्या. दुपार झाली, बर्फ मऊ पडू लागला. सहावी रोवली आणि केबिनकडून आरोळी आली.

"ए! हात लावू नका! काल दुपारी दोन तास खपून सरळ केलीय मी ती रांग! शेवटचा शॉट बाकी आहे माझा!"

"दुपारी ध्यान करतात ना हे?" गस आजोबा म्हणाले.

"चोर सापडला! आपल्याच तोंडाने!" जूनने टाळ्या पिटल्या.

पण स्टर्लिंग ऐकतात कुठे? ते तसेच, जाळीच्या बुटांशिवाय, तावातावाने धावत निघाले. तेही थेट ओढ्याच्या दिशेने.

"तिथून नको! खाली पाणी आहे!" हॅटी जिवाच्या आकांताने ओरडली.

"मला डोंगर शिकवू नका! काल मी इथूनच..."

धप्प! साहेब छातीपर्यंत आत. बर्फ फुटला होता आणि खालून काळं पाणी खळखळत होतं.

"काल टिकलं ते आज टिकत नाही रे, मूर्खा!" गस आजोबांनी दोर हॅटीकडे फेकला. हॅटी पोटावर आडवी होऊन पुढे सरकली.

"दोर बगलेखालून घ्या! हातपाय झाडू नका!"

दोन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांनी कुणाचंतरी ऐकलं. चौघांनी मिळून ओढलं, तेव्हा ते कुडकुडत बाहेर आले. गस आजोबांनी आपला कोट त्यांच्या अंगावर टाकला. पण हॅटी तिकडे बघायलाही थांबली नाही. धुकं माळावर उतरलं होतं आणि तीन काठ्या अजून बाकी होत्या! सातवी. आठवी. नववी जंगलाच्या तोंडाशी रोवून ती वळते न वळते, तोच घसरगाडीची घरघर ऐकू आली.

आई काठीमागून काठी धरत पुलावरून वर आली. काळं भोक दिसलं तशी ती थांबली. तिने भोकाकडे बघितलं, मग गाडीवरच्या टेडीकडे.

"काठ्या कुणी लावल्या?" तिने विचारलं.

"आम्ही तिघांनी."

"नीट लावल्यात," आई म्हणाली आणि तिने तिघांना एकदमच कवटाळलं.

"माझ्यापेक्षा नीट. पुढच्या वर्षीपासून काठ्या तुमच्याकडे," गस आजोबा म्हणाले. हॅटीचा चेहरा असा फुलला की विचारू नका!

"मी... मी व्हिडिओत तुमचं नाव घेईन," स्टर्लिंग दात वाजवत म्हणाले.

"नको! आधी शेकायला चला. आणि उद्या सकाळी फावडं घेऊन तुमच्या पावलांचे खड्डे बुजवा. कुणाचातरी पाय मोडेल त्यात," हॅटी म्हणाली.

टेडी मान उंचावून केव्हाचा टकामका बघत होता.

"ताई, हा माणूस ओला का झालाय?"

"त्याला सरळ वाट आवडते," हॅटी म्हणाली आणि तिने गाडीचा दोर खांद्यावर घेतला.