अण्णांची डावी नाकपुडी

अण्णा तोडकरांच्या चहात माशी पडली. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, कप तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला. माशी कपात नव्हती.

"अण्णा, माशी होती," वेणू म्हणाली.

"होती की. बोल, काम कुठवर आलं?"

अण्णांच्या कानामागे तांदळाएवढा करडा ठिपका चिकटवलेला होता. त्याचं नाव 'निवांत'. मेंदूच्या ज्या घडीत किळस उमटते, तिला हा ठिपका सौम्य लहरी सोडून गुंगवत असे. मुळात तो शवागारातल्या कामगारांसाठी बनवलेला. पुढे कंपनीच्या लक्षात आलं की स्टँडवरची मुतारी, मेसची रस्साभाजी आणि आत्याबाईंचे ओले पापे अशी भलीमोठी बाजारपेठ बाहेर मोकळीच पडून आहे. आता तो घरोघरी विकायचा होता आणि त्याच्या बोधचिन्हाचं काम या दोन माणसांच्या स्टुडिओकडे आलं होतं.

अण्णांचा नियम होता, वस्तू आठवडाभर वापरल्याशिवाय पेन्सिल धरायची नाही. कवळी चिकटवायच्या पेस्टचं काम आलं तेव्हा बत्तीस दात शाबूत असताना त्यांनी ती लावली आणि शेवटचे दोन दिवस खुणांनी काढले. खोकल्याच्या औषधानंतर पोटनियम आला: दोघांनी एकदम वापरायचं नाही, एकानं शुद्धीवर राहायचं. म्हणून ठिपका अण्णांना, शुद्ध वेणूला.

घोटाळा असा की स्टुडिओ अण्णांच्या नाकावर चालायचा. वेणूनं कागद भिंतीला लावायचे, अण्णांनी चहा पीत बघायचं. जिथं चुकलं असेल तिथं त्यांची डावी नाकपुडी वर जायची. बोलायचे काहीच नाहीत. सहा वर्षं वेणू त्या नाकपुडीकडून शिकली होती. आज भिंतीवर चौदा कागद होते आणि नाकपुडी जागची हलत नव्हती.

"हा कसा वाटतो?"

"छान."

"तो उलटा लागलाय, अण्णा."

"उलटाही छान आहे की."

तेवढ्यात कंपनीचे उपळेकर आले, कानामागे ठिपका लावूनच. त्यांच्या हातात मेव्हण्यानं काढलेलं चित्र होतं. गॉगल घातलेली जीभ गटाराचं झाकण चाटत होती. जिभेवर बारीक केस होते. खाली नाव, सात रंगांत.

"ऑफिसात सगळ्यांना सगळंच आवडतंय, त्यामुळे ठरेना," उपळेकर म्हणाले. "शेवटी कागद मोठा होता म्हणून हे आणलं."

"छान आहे," अण्णा म्हणाले.

वेणूला शिसारी आली. जिभेची थोडी, त्या 'छान'ची जास्त. तिचं नाक आक्रसलं, वरचा ओठ एका बाजूनं उचलला गेला.

"मॅडम, हे चेहऱ्याचं काय करताय?"

"किळस येतेय."

"आमच्याकडं आता हे कुणाला जमत नाही. हलू नका." उपळेकरांनी फोटो काढला.

चार महिन्यांत वेणूचं वाकडं तोंड, त्यावर एक तिरपी रेघ, दर दुकानात झळकू लागलं. स्टँडच्या मुतारीत लोक भेळ खात गप्पा मारत बसले. तक्रारी शून्यावर आल्या म्हणून नगरपालिकेनं सफाई खातं बंद केलं. त्याच वर्षी नगरपालिकेला स्वच्छतेचं बक्षीसही मिळालं. परीक्षकांनी ठिपके लावले होते.

अण्णांचा आठवडा संपलाच नव्हता. कपात बुरशी आली तरी ते धुवू देत नसत. वेणू फक्त स्वतःची अर्धी खोली पुसायची. फरशीवर सरळ हद्द उमटली होती.

एके दिवशी तिनं बाळाच्या दुधाच्या डब्याचं काम भिंतीला लावलं. कुठंतरी चुकलं होतं. कुठं, ते तिला दिसत नव्हतं.

"अण्णा, ठिपका काढा. या एका कागदापुरता."

अण्णांनी काढला. डावी नाकपुडी थरथरली आणि तिसऱ्या अक्षरापाशी वर गेली. अक्षर केसभर वाकडं होतं. वेणूला भरून आलं.

पण नाकपुडी थांबेना. कपाकडे गेली. शर्टाकडे. खिडकीखालच्या हिरव्या, हलत्या गटाराकडे. अण्णांनी तोंडावर हात धरला, मग तो हात बघितला आणि लांब धरला. दुसऱ्या हातानं त्यांनी ठिपका पुन्हा चिकटवला.

"अक्षर नीट कर," ते म्हणाले. "बाकीचं एवढं सगळं मी एकदम कुठून बघू?" मग खणातून एक नवं पाकीट काढून त्यांनी हद्दीपलीकडे सरकवलं. "तूही लाव, वेणू. तुझे हाल बघवत नाहीत गं."

पाकिटावरून वेणूचंच तोंड तिच्याकडे बघून नाक मुरडत होतं. तिच्या चहात माशी पडली होती, अजून पाय हलवत होती. हे लावलं, तर वाकडं अक्षर उद्या कोण कुणाला दाखवणार? आणि नाही लावलं, तर अख्ख्या गावात एकटीनं किती दिवस तोंड वाकडं करायचं?