सुईतून गेलेलं लोखंड

त्याचा हात मी पहिल्यांदा धरला तो प्रेमाने नव्हे... घाबरून. एमआरआयच्या खोलीचं दार उघडं, आत यंत्राची अखंड चिवचिव, आणि हा गृहस्थ हातात काळ्या पाण्याची कुपी घेऊन आपल्याच नादात सरळ आत निघालेला. ते यंत्र चालवायचं काम माझं; मनगट पकडून मी त्याला मागे ओढलं, खिसे रिकामे करायला लावले. किल्ली निघाली, पेन निघालं, आणि तळाशी – अंगठ्याएवढा चुंबक.

हे यंत्रच एक अजस्र चुंबक, लोखंड खेचून घेणारं; या खोलीत चुंबक घेऊन कोण येतं, मी विचारलं. तो ओशाळला. लोखंडाचे कण बनवतो, कुपीला चुंबक लावून बघायची सवय, खिशात राहून गेला... सांगता सांगता त्याचे कान लाल झाले. मनगट अजून माझ्याच हातात आहे, हे दोघांच्याही जरा उशिराच लक्षात आलं.

घरी मावशीला सांगितलं. मला वाढवलं तिनेच, शिवणयंत्राच्या खडखडीत. तिच्या छातीत गाठ निघाली होती, ऑपरेशन ठरलं होतं. प्रश्न होता तो काखेतल्या ग्रंथींचा. रोग तिथवर पसरला असेल अशी नुसती शंका आली, तरी त्या सगळ्या काढाव्या लागणार होत्या. मग उजवा हात सुजायचा, जड व्हायचा. आणि त्या हाताशिवाय मावशी म्हणजे दोऱ्याशिवाय सुई.

"लोखंडाचे कण बनवतो?" टीप न थांबवता ती म्हणाली. "म्हणजे लोहारच की गं. दिसायला कसा आहे?"

तेव्हापासून तो लोहार.

लोहार रोज काही ना काही निमित्ताने यायचा. दाराशी आला की स्वतःच शहाण्यासारखे खिसे उलटे करून दाखवायचा. कणांविषयी बोलताना आवाज असा हळू, जणू पाळण्यात कुणी निजलंय. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक, म्हणायचा. शिरेतून सोडले की निरोगी ग्रंथी त्यांना पोटात घेते आणि चित्रात काळी दिसते. जिथे रोगाने बस्तान मांडलंय तिथे त्यांना जागाच मिळत नाही. ती पांढरी राहते. एवढ्याशा धुळीला हे कळतं... ऐकताना मला त्या धुळीचंही कौतुक वाटायचं आणि ती घडवणाऱ्या बोटांचंही.

"प्रत्येक कणाला साखरेचा अंगरखा घालतो," तो एकदा म्हणाला, "नाहीतर ते एकमेकांना बिलगतात."

"बिलगायला बंदी आहे म्हणा तुमच्याकडे."

"कणांना आहे..." तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

या नव्या तपासणीसाठी मावशीने आपणहून नाव दिलं. शिरेत ते तांबूस-काळं औषध थेंब थेंब उतरत होतं, तेव्हा लोहार पायथ्याशी उभा, चेहरा पांढराफटक. मावशीच त्याला धीर देत होती. लोहारबुवा, जरा बसा, सुई मला टोचलीय, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चित्रं काढायला मीच बसले. त्याला आत बोलावलं, तर मान हलवून बाहेर बाकावर जाऊन बसला. पडद्यावर एकेक ग्रंथी उमटू लागली – काळी, काळी, कलिंगडाच्या बीसारखी टपोरी काळी. मग एक पांढरी. डॉक्टरबाई पुढे झुकल्या, पुन्हा पुन्हा मागेपुढे करून बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, एवढी एकच. हिला काढू, बाकीच्यांना हात लावायचं कारण नाही. मावशीचा हात राहील.

मी धावतच बाहेर आले. तो उठला. मी सांगितलं, अडखळत, रडत, हसत. तो पुन्हा बाकावर बसला.

"काल रात्रभर एकच वाटत होतं," तो म्हणाला. "माझ्या कणांनी वाईट बातमी आणली, तर तुम्ही पुन्हा माझं तोंड बघणार नाही."

मी त्याच्या शेजारी बसले. त्याचा हात थंडगार होता. या वेळी मी तो न घाबरता धरला.

"वाईट आली असती ना," मी म्हटलं, "तरी रडायला तुझ्याकडेच आले असते, वेड्या."