सेंट ऑस्विनची मेरी

सेंट ऑस्विन चर्चमधली कडेवर बाळ येशू असलेली मेरीची रंगवलेली लाकडी मूर्ती रात्रीतून कुणीतरी जाळली होती. राख चर्चच्याच शेगडीत पडली होती. मूर्तीचं वय तपासायला तज्ज्ञ दुपारी यायचे होते.

"शेकडो वर्षांपूर्वी राजाच्या माणसांनी इथला मठ मोडला, तेव्हा मठवासीयांनी ती भिंतीत दडवली," चर्चचे वृद्ध कारभारी एडमंड थ्रॉवर म्हणाले. "तीस वर्षांपूर्वी मला सापडली. अस्सल ओकचं लाकूड! आमची तान्ही लेक एल्सी गेली त्याच वर्षी. मूर्तीनंच मला जगवलं."

खासगी गुप्तहेर ज्युडिथ पेलनं राखेतून एक टोकदार स्क्रू उचलला.

"कुलूप शाबूत आहे," तिचा सहकारी हॉबडे म्हणाला. "किल्ल्या दोनच. पाद्रीबुवांकडे आणि थ्रॉवरांच्या घरी."

पाद्री पास्को भडकले. "मी जाळीन? तज्ज्ञांना मीच हट्टानं बोलावलं! त्या मूर्तीपायी चार माणसं इथं फिरकतात. नाहीतर देवाला विचारतो कोण?"

थ्रॉवरांच्या स्वयंपाकघरात त्यांची पत्नी मर्सी पाव कापत होती.

"टारगट पोरं असतील. पाइनच्या लाकडाला काय, काडी लावायचा अवकाश."

"हे लाकडी पक्षी सुरेख आहेत," ज्युडिथ म्हणाली.

"मीच कोरलेत. वडील शवपेट्या करायचे, त्यांनी शिकवलं."

ज्युडिथनं सगळ्यांना चर्चमध्ये बोलावलं.

"पाद्रीबुवाच!" हॉबडे कुजबुजला.

"छे!" ज्युडिथ मोठ्यानं म्हणाली. "मठाच्या काळात असले स्क्रू नव्हते. मूर्ती नकली होती. तपासणीची भीती कुणाला? हे ठाऊक असणाऱ्याला. पाद्रीबुवांना ठाऊक असतं तर त्यांनी तज्ज्ञ बोलावलेच नसते. सगळं गाव ओक म्हणतं. पाइन म्हणाल्या एकट्या मर्सीबाई. रंगाखालचं लाकूड घडवणाऱ्यालाच माहीत असणार."

मर्सी नवऱ्याकडे वळली.

"तू अन्न सोडलं होतंस, एडमंड. तुला उठवायला काहीतरी हवं होतं. म्हणून कोरली, भिंतीत लपवली. आता चारचौघांत तुझं हसं झालं असतं, म्हणून जाळली."

"तीस वर्षं मला फसवलंस?"

"तीस वर्षं तू रोज तिच्यापुढं गुडघे टेकलेस. तिच्या कडेवरच्या बाळाला मी आपल्या एल्सीचा चेहरा दिला होता. एकदा तरी ओळखलास?"

एडमंड बायकोकडे न बघताच म्हणाले,

"पाद्रीबुवा, यातलं काही तज्ज्ञांच्या कानावर जाऊ देऊ नका."