हिरवी चिंधी

"थांबली! आजपण थांबली!" विराज कुंपणावरून ओरडला.

गेणूतात्यांची मेंढरं लासुर्ण्याच्या रस्त्यावर, कडुनिंबाखाली उभी होती. समोर सिमेंटचा नवा चौथरा. उद्या आजीचं वर्षश्राद्ध. चौथऱ्यावर आजीचा मोठा फोटो बसणार होता. तात्यांनी काठी आपटली, पण एक मेंढरू हलेल तर शपथ!

"सिमेंट काय हुंगतायत?" राजनंदिनी म्हणाली. ती दादासाहेबकाकांची मुलगी, इथंच राहणारी. विराज आणि त्याची बहीण ओवी जळोचीहून सुट्टीला आले होते.

"सवय हाय त्यांची," तात्या म्हणाले. "बानूमावशीची डोण हितंच व्हती न्हवं! आता पार कॅनॉलापतूर न्यावं लागतं. कोकरं वाटंतच बसत्यात."

डोण म्हणजे जनावरांना पाणी पाजायचं आजीचं दगडी भांडं. लहानपणी मेंढरांमागं हिंडलेली आजी तहान विसरली नव्हती. कुणाचीही जनावरं येवोत, रोज आधी डोण भरायची, मगच स्वतःचा चहा.

"पप्पा म्हणतात, डोण चोरीला गेली," राजनंदिनी म्हणाली.

"चोरीला? चार माणसांना हलत नाही ती! चोर काय क्रेन घेऊन आला होता?" विराज म्हणाला.

आजी गेल्यापासून ओवीला रडू आलं नव्हतं. कानात कापूस घातल्यासारखं सगळं लांबून ऐकू यायचं. ती नुसतीच चौथऱ्याला वळसा घालून मागं गेली. तिथलं प्लास्टर उकललं होतं. फटीतून हिरवी चिंधी डोकावत होती.

"ही आजीच्या लुगड्याची," ती म्हणाली.

डोणीचं पाणी सोडायचं भोक आजी याच चिंधीनं बुजवायची! विराजनं खापरीनं प्लास्टर खरवडलं. आत काळा दगड!

"पालथी घातलीय! आजीच्याच डोणीवर आजीचा चौथरा!"

तिघं धावतच काकांकडं गेली. काका मंडपवाल्याशी फोनवर बोलत होते. मुलांचं ऐकून त्यांनी फोन खाली घेतला.

"गवंड्याला म्हणलं व्हतं, पाया पक्का घे. त्याच्या माणसांनी डोणच पायात घातली असंल. कोरडीच तर पडली व्हती! चोरीचं मी आपलं अंदाजानं म्हणलं. आता फोडायचं न्हाय हं! उद्या सरपंच आप्पासाहेब भाषणाला येणारेत."

"कोरडी का पडली होती, काका?" ओवीनं विचारलं.

काकांनी फोन पुन्हा कानाला लावला.

बाहेर आल्यावर राजनंदिनी म्हणाली, "पप्पा आपलं न्हाय ऐकायचे. मेंढरांचं ऐकतील! चला तात्यांकडं!"

दुसऱ्या दिवशी मंडप भरला. आप्पासाहेबांनी माईक हातात घेतला. "बानूबाई म्हणजे आपल्या गावाची..."

बँ!

नेहमीच्या वेळी, नेहमीच्या वाटेनं मेंढरं आली! 'उद्या वाट बदलू नका,' एवढंच मुलांनी तात्यांना सांगितलं होतं. खुर्च्या कलंडल्या. एका कोकरानं आप्पासाहेबांच्या हारातला झेंडूच ओढला!

"हाकला रे!" काका ओरडले.

"कुठं हाकलू, पप्पा? आजीकडं आलीत ती. पाणी प्यायला!" राजनंदिनी म्हणाली. विराजनं माईकवरून सगळं सांगून टाकलं. ओवीनं फक्त बोटानं चिंधी दाखवली.

आप्पासाहेबांनी गळ्यातला हार काढला.

"दादासाहेब, बानूबाईनं कुणाला पाणी विचारल्याबिगर दारातनं जाऊ दिलं नव्हतं. आज तिचे पाहुणे आलेत, आणि आपण हाकलतोय!"

काका खाली मान घालून गेले आणि स्वतःच पहार घेऊन आले. चौथरा फुटला. दहाबारा जणांनी जोर लावून डोण सरळ केली. फोटो कडुनिंबाला टांगला.

"पोरांनो," काका म्हणाले, "आमी थोरामोठ्यांनी बघायचं, ते तुमी बघितलं. शाब्बास!"

ओवीनं चिंधी भोकात घातली आणि आजीसारखी अंगठ्यानं घट्ट दाबून धरली. राजनंदिनीनं मोटर चालू केली. पाणी चढू लागलं, तशी मेंढरांची डोकी एकामागून एक खाली वाकली.

"गळतंय का गं?" विराजनं विचारलं.

"नाही," ओवी म्हणाली. गालांवरून पाणी ओघळत होतं. पण ते पुसायला तिनं अंगठा काढला नाही.