पोकळ हाड

हर्षालीबाईंचा पक्ष्यांच्या श्वसनाचा तास कॉलेजात नावाजलेला होता. गंगापूर रोडच्या त्या ज्युनिअर कॉलेजात एरवी डुलक्या काढणारी मुलंही या तासाला सरसावून बसत. बाई फळ्यावर एक कबुतर काढायच्या आणि त्याच्या मानेत, छातीत, पोटात हवेच्या पिशव्या भरायच्या. पक्ष्याचं फुफ्फुस आपल्यासारखं फुगत नाही, या पिशव्याच भात्यासारखी हवा ओढतात नि ढकलतात, हे समजावून सांगायच्या. मग आवाज खाली आणून शेवटचा हुकमी किस्सा. घारी-कबुतरांच्या दंडाचं हाड पोकळ असतं आणि यातल्या एका पिशवीला जोडलेलं असतं. गळा बंद झाला आणि हे हाड मोडून उघडं पडलं, तर पक्षी त्या मोडक्या हाडातून श्वास घेऊ शकतो. वर्गातून "ईऽऽ" असा आवाज उठला की बाई मनातून खूश व्हायच्या.

तेव्हा बाईंना हे ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

संक्रांतीला त्या दरवर्षी पंचवटीतल्या जखमी पक्ष्यांच्या शिबिरात जायच्या. नायलॉनच्या मांज्यावर बंदी आहे आणि तो हवा तितका मिळतो, त्यामुळे शिबिराला कामाची कधी ददात पडत नाही. यंदा भर दुपारी गणेशवाडीच्या भाजी बाजारातून चांगुणाबाई धावत आली. संक्रांतीची सुगडं, बोरं, हरभऱ्याचे घाटे विकणारी ही बाई. तिच्या पदरात घार होती. मांज्यानं गळा कापलेला, श्वासनलिका रक्तानं भरलेली, डावा पंख दंडात मोडून हाडाचं टोक बाहेर आलेलं.

"बाई, जित्ती हाय अजून. वाचवा तिला."

गर्दी जमली. बाईंचे सहकारी ज्ञानेश सर मोबाईलवर व्हिडिओ घेऊ लागले. बाईंनी हाडाच्या टोकावर कापूस ठेवला आणि वरून चिकटपट्टी मोठ्या सफाईनं गुंडाळली. कुणीतरी "वा!" म्हणालं. घार तडफडू लागली, तसा बाईंनी आणखी एक वेढा दिला.

मग त्यांना दिसलं. चोच उघडी होती, पण तिच्यातून काही येत-जात नव्हतं. पट्टीखालचा कापूस मात्र वर येत होता आणि आत ओढला जात होता.

पट्टी उपटायला कितीसा वेळ लागला असता? पण उपटायची म्हणजे चारचौघांत, व्हिडिओ चालू असताना, आपलं चुकलं हे कबूल करायचं. बाईंचा हात पट्टीवर तसाच राहिला. थोड्या वेळानं कापूस हलायचा थांबला.

"काय झालं हो?" ज्ञानेश सरांनी विचारलं.

"यांनी पदरात फार आवळून आणली," बाई चांगुणाबाईकडे हात करून म्हणाल्या. "छाती दाबली की पक्षी गुदमरतो. लोकांना एवढंही कळत नाही."

चांगुणाबाई स्वतःच्या पदराकडे बघत उभी राहिली.

व्हिडिओ गावभर फिरला. हळदीकुंकवाचं सामान आणायला बाई गणेशवाडीला गेल्या, तेव्हा पुढे चाललेलं एक गिऱ्हाईक मैत्रिणीला म्हणत होतं, "हिच्याकडून नको गं. घार मारली ना हिनं. वाणाला कशाला असल्या हातचं?" चांगुणाबाईच्या टोपलीतली बोरं सुकून सुरकुतली होती. बाई चटकन कांद्याच्या पोत्यांआड झाल्या आणि तिथूनच माघारी फिरल्या. आपण चाळिशीची बाई पोत्यांमागे लपलो, याची त्यांना रिक्षात बसल्यावर इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

त्याच दिवसापासून डाव्या दंडावर एक जागा गार पडू लागली. डाग नाही, सूज नाही. दाराच्या फटीशी हात धरल्यावर लागतो तसला वारा तिथं लागायचा.

थंडी कडाक्याची होती. सकाळी गोदाकाठी फिरायला येणाऱ्या सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघायच्या. बाईंच्या तोंडासमोर काहीच दिसेना. घरी येऊन त्यांनी स्वेटर काढला, तर डावी बाही दंडापाशी ओलसर लागली.

मग त्यांना सर्दी झाली. दोन्ही नाकपुड्या गच्च. तशाच तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचल्या आणि टेबलापाशी उभ्या राहिल्यावर लक्षात आलं, जिना चढताना आपण तोंड उघडलंच नव्हतं.

तास नेमका तोच होता. कबुतर काढून झालं, पिशव्या भरून झाल्या.

"आता दंडाचं हाड," बाई म्हणाल्या. "गळा बंद झाला आणि..."

पुढचा शब्द येईना. ओठ हलत होते, घशात वाराच नव्हता.

"मॅडम," पहिल्या बाकावरची राखी हळूच म्हणाली, "तुमची बाही..."

बाही फुगत होती आणि दंडाला चिकटत होती.

"पंखा बंद करा," बाई म्हणाल्या. हे मात्र स्वच्छ म्हणता आलं.

"बंदच आहे, मॅडम."

त्या दिवशी कॉलेज सुटल्यावर त्या थेट गणेशवाडीला गेल्या. आता लपायचं नाही, सगळ्या बाजारासमोर सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेल्या.

"बाई, तुम्ही? बसा की." चांगुणाबाईनं गोणपाट पुढं केलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच बाईंना सोसवेना. "माझ्या हातून लय मोठं पाप झालं बघा. ते लुगडं नेसवतच नाय मला. फाडून चिंध्या केल्या, जुड्या बांधायला."

तुमच्या हातून नाही, माझ्या. एवढंच सांगायचं होतं. बाईंनी तोंड उघडलं.

शब्द आला नाही. श्वासही आला नाही. नाक बंद, घसा बंद. बाही फुगली.

"आन् हाताला काय झालं?" चांगुणाबाईनं बाही वर सारली. "आई गं! हाड दिसतंय की वो."

बाईंची खाली बघायची हिंमत झाली नाही.

चांगुणाबाईनं ढिगातली एक चिंधी उचलली. चिंधीवर वाळलेला तपकिरी डाग होता.

बाईंनी मान हलवली. नको. हात मागं ओढला. नको, नको.

"दुखतंय, कळतंय मला," चांगुणाबाई मायेनं म्हणाली आणि तिनं त्यांचं मनगट धरलं. "भिऊ नका. तुमचंच बघून शिकले मी."

आजूबाजूला चार माणसं गोळा झाली. कुणीतरी मोबाईल काढला.

पहिला वेढा बसला. चिंधी वर आली आणि आत ओढली गेली.

बाई तडफडू लागल्या, तसा चांगुणाबाईनं आणखी एक वेढा दिला.

"घट्टच बांधते हां," ती म्हणाली, "म्हंजी सुटायची नाय."