चौथ्या रिळातले वाक्य

ताईंची पणजी नदीच्या धक्क्यावर होड्यांच्या वेळा पुकारत असे. तिच्या हाकेसरशी पैलतीरावरची माणसे गाठोडी उचलत. आजी मूकपटांच्या काळात पडद्यामागे उभी राहून नायिकांचे संवाद बोले. आईने तीस वर्षे रेडिओवर बातम्या वाचल्या. आणि बावन्न वर्षांच्या ताई परभाषेतल्या चित्रपटांतील नट्यांना आपला आवाज देत. घराण्यात दागिना असा हा एकच, आणि तोही गळ्याच्या आत.

त्या सकाळी काम होते एका जुन्या मूकपटाचे. एकाहत्तर वर्षांपूर्वीची सात रिळे कुठल्याशा गोदामात सापडली होती, आणि त्यांना आता बोलते करायचे होते. गोष्ट अगदी साधी. बड्या घरातली विधवा सून, तिच्यावर जीव जडलेला परधर्माचा तरुण, आणि त्या दोघांमधला एक उंबरठा. अशा गोष्टी पुस्तकांत आणि पडद्यावर किती वेळा सांगून झाल्या, तरी दर पिढीच्या डोळ्यांतून त्या नव्याने पाणी काढतात.

मूकबधिरांच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने ओठ वाचून संवाद लिहून दिले होते. चौथ्या रिळात, उंबरठ्यावर उभ्या राहिलेल्या नायिकेपुढे, कागदावर तीनच शब्द होते : "थांबा. मी येते."

ताई माइकपुढे उभ्या राहिल्या. भिंतींवरच्या जाड कापडाचा दमट वास खोलीत भरून राहिला होता. पडद्यावर तरुणाने पाठ फिरवली आणि तो चालू लागला. नायिका उंबरठ्यावर आली. तिचे ओठ हलण्याची ताईंनी वाट पाहिली.

ओठ मिटलेलेच राहिले.

"मास्तर, रीळ पुढे गेलं का?"

"नाही हो ताई, अगदी जागेवर आहे," काचेपलीकडून ध्वनिमुद्रक म्हणाले. त्यांना सगळे मास्तरच म्हणत.

"मग ही बाई गप्प का?"

"तुमच्यासमोर तोंड उघडायची कुणाची हिंमत आहे?"

ताई हसल्या. पुन्हा लावले. पुन्हा तेच. मास्तरांनी शिक्षिकेला फोन केला, तर त्या उखडल्याच. "तीन वेळा पाहून लिहिलंय मी. ओठ वाचण्यात माझी पंचवीस वर्षं गेली!"

तिसऱ्या खेपेला मास्तरांनी घड्याळ लावले, आणि मग बराच वेळ त्या काट्याकडे पाहत बसले. "ताई, सकाळी हा तुकडा चौदा सेकंदांचा होता. आता एकोणीस भरतोय."

"मशीन मंदावलं असेल."

"मग तो चालणाराही मंदावला असता. तो त्याच चालीने चाललाय. नुसता आणखी लांब गेलाय."

चौथ्या खेपेला सत्तावीस सेकंद भरले. तरुण रस्त्याच्या वळणाशी पोहोचला होता. नायिकेने त्याच्यावरची नजर काढली आणि समोर पाहिले. थेट माइककडे.

जेवणाच्या सुट्टीत ताईंनी घरी फोन लावला. पंच्याहत्तरीची आई नेहमीप्रमाणे "हॅलो"च्या आधीच सुरू झाली : गोळ्या घेतल्यास का, पंख्याखाली बसू नकोस. चित्रपट कोणता हे कळताच मात्र ती थबकली.

"ते वाक्य सोडून दे," ती म्हणाली. "बाकीचं सगळं बोल."

"का?"

मग आईने सांगितले. याच चित्रपटाच्या पडद्यामागे आजी उभी राहायची. ऐन पंचविशीत विधवा झालेली, पदरी चार वर्षांची मुलगी. पडद्याशेजारी एक व्हायोलिनवाला साथ करी. तो परधर्माचा होता. शेवटच्या खेळाआधी तो तिला म्हणाला, "ते वाक्य आज माझ्यासाठी बोल. बोललीस तर राहीन. नाहीतर संध्याकाळच्या गाडीने जाईन."

"मी तिच्या निऱ्या धरून उभी होते," आई म्हणाली. "पडद्यावरच्या बाईने तोंड उघडलं, आणि तुझी आजी गप्प राहिली. वाक्य गिळलं तिने, आणि त्यावर आपण जगलो. तुझ्या पणजीचा आवाज चाळिशीत बसला होता. आजीचा मरेपर्यंत टिकला, माझा अजून टिकलाय. जाताना ती मला म्हणाली, हा आवाज आपला नव्हे. कुणाचे तरी शब्द ठेवून घेतलेत, म्हणून राहिलाय. ज्या दिवशी ते परत करू, त्या दिवशी आवाज जाईल."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तुझ्या वेळीच सांगायला हवं होतं. तुला न्यायला आलेला तो बिचारा दारात उभा होता, आणि मी तुला म्हटलं, आत हो."

सव्वीस वर्षांत हा विषय दोघींनी प्रथमच काढला होता.

"मी तरी कुठे तोंड उघडलं, आई?"



"तेव्हा गप्प केलं तुला," आई म्हणाली. "आता नाही करत. फिटू दे एकदाचं. माझ्याकडचंही."

ताई परत आल्या तेव्हा मास्तर घाम पुसत होते. "वाक्य गाळू या का, ताई? कुणाला कळणार आहे?"

"तिला कळेल. लावा."

खोली गार पडली होती.

तरुण आता रस्त्याच्या टोकावरचा एक ठिपका उरला होता. नायिका ताईंकडे पाहत होती.

उभ्या आयुष्यात ताईंचा आवाज नेहमी दुसऱ्यांच्या ओठांमागून गेला होता. आज त्यांनी ओठांची वाट पाहिली नाही.

"थांबा. मी येते."

मग पडद्यावरचे ओठ उघडले. शब्दाला शब्द जुळला.

ठिपका थांबला.

तिने उंबरठ्यापलीकडे पाऊल टाकले, आणि चौकटीत फक्त उघडे दार राहिले.

"हे रिळात नव्हतं," मास्तर पुटपुटले. मग सवयीने म्हणाले, "ताई, आणखी एकदा घेऊ?"

"नको," ताई म्हणाल्या. नुसते ओठ हलले.

मास्तरांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबले. "ऐकू येत नाही, ताई. माइक चालू आहे. तुमच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा येतेय."

तेवढ्यात फोन वाजला. ताईंनी रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि त्या थांबल्या. "हॅलो"च्या आधीच सुरू होणाऱ्या बाईची त्यांनी वाट पाहिली.

घराण्यात आता कुणाचे काही ठेवून घेतलेले उरले नव्हते. पलीकडून आईचा श्वास तेवढा येत होता.