सातव्या डावाची रिकामी चौकट

घाई आहे का कुणाला? नाही ना? मग बसा थोडं. मॅच संपली, लोक घरी गेले, झाडूवाले अजून वरच्या मजल्यावर आहेत. मघाशी तुमच्यातला एक जण रस्त्यापलीकडच्या जुन्या होम प्लेटवर, बॅटर उभा राहतो त्या जागी, उभा राहून टाचेनं माती उकरत होता. मी बघितलं. नाव विचारत नाही. लेनी ड्युडेकचं काय झालं तेवढं ऐका, आणि मग उद्यापासून हवा तेवढा खड्डा खणा.

लेनीला मी वीस वर्षं ओळखतो. साधा माणूस, पण तोंड उघडलं की बेसबॉलशिवाय दुसरा विषय नाही. पाहुण्यांना तो गावची बेसबॉलची ठिकाणं फिरवून दाखवायचा. आधी आपल्या या स्टेडियमच्या दाराबाहेरचा ओरिन स्टाल्कचा पुतळा, मग ते छोटं संग्रहालय, आणि शेवटी पलीकडचं जुनं हॅमंड पार्क. पार्क कसलं, आता नुसता गाड्या लावायचा तळ. एका कोपऱ्यात होम प्लेट आणि तिच्याभोवती जपून ठेवलेली अंगणाएवढी तांबडी माती. पहिल्या बेसच्या, म्हणजे बॅटरनं धावत गाठायच्या पहिल्या टप्प्याच्या जागी डांबरात बसवलेली पितळी चकती. आणि पार पलीकडच्या टोकाला मैदानाची जुनी भिंत, तिच्यावर तो पत्र्याच्या आकड्यांचा धावफलक. फिरवायला निघताना लेनी आपल्या संघाचा जुन्या धाटणीचा लोकरी शर्ट घालायचा, पाठीवर चौदा नंबर. उन्हाळ्यात घामाघूम व्हायचा, पण शर्ट सोडायचा नाही.

गेल्या वर्षीचा, सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीच्या आधीचा शनिवार. पाहुण्यांची शेवटची टोळी फिरवून झाली होती. सरोवराकडून ढग चढून आले होते, रात्री पाऊस नक्की. प्लेटभोवतीची माती वाहून जाऊ नये म्हणून तिच्यावर ताडपत्री घालायची, एवढंच काम उरलं होतं. ताडपत्री जड, एकट्याला आवरत नाही. म्हणून लेनीनं रस्टीला बरोबर घेतलं होतं.

रस्टी टोबिन म्हणजे लेनीच्या बहिणीचा, मार्सीचा नवरा. मार्सीला आठवा महिना. रस्टीनं घरात बसून बसून तिचं डोकं खाल्लं होतं. पाळणा तीनदा जोडला, तीनदा मोडला. शेवटी तिनं भावाला फोन केला. "लेन्या, याला दोन तास कुठंतरी घेऊन जा. बिअर पाज, काहीही कर. फक्त धड परत आण. मला एकच नवरा आहे."

"धड आणतो," लेनी म्हणाला होता.

तर मॅच बघून, बिअर पिऊन, बीफचे पाव खाऊन दोघं त्या तळावर आले. साडेअकरा होऊन गेले होते. तळ रिकामा. लेनीची गाडी रस्त्यावर, फोन गाडीतच चार्जिंगला. रस्टीनं पाहुण्यांना धरायला ठेवलेली जुनी बॅट उचलली आणि प्लेटशेजारी जाऊन उभा राहिला.

"बघ, कसा दिसतो?"

"पोट आत घे, मग सांगतो. ताडपत्रीचं ते टोक धर आधी."

"थांब रे. एक तरी हाणू दे." आणि रस्टीनं मागच्या पायाची टाच मातीत घासायला सुरुवात केली. खर्र, खर्र.

"टाच नको मारूस," लेनी म्हणाला.

"का? माती दुखते?"

आता हे तुम्हाला सांगायला नको, पण जुन्या पिचर लोकांचा, चेंडू टाकणाऱ्यांचा, एक कायदा होता. बॅटरनं टाचेनं खड्डा उकरला म्हणजे तो पिचरला सांगतोय, मी इथं ऐसपैस उभा राहणार, तुझी भीती नाही मला. हा सरळ अपमान. त्याचं उत्तर पुढच्याच चेंडूत मिळायचं, बरगड्यांत नाहीतर कानशिलावर. आणि दुसरा कायदा त्याच्याही वरचा. तुम्ही आमचा एक फोडलात की आम्ही तुमचा एक फोडणार. मोजून एकाला एक.

लेनीनं मेव्हण्याला तेच सांगितलं जे तो रोज पाहुण्यांना सांगायचा. एकोणीसशे एकतीसचा ऑगस्ट. सातवा डाव, पाहुणा संघ बॅटिंगला, त्यांचे दोघे बाद. हॉलिस बीमर नावाचा बॅटर आला आणि त्यानं टाच मारली. आमचा ओरिन स्टाल्क पिचरच्या उंचवट्यावरून ओरडला, "खोल खण, तुला त्यातच पुरायचंय." आणि चेंडू टाकला. बीमरचं कानशील अंड्यासारखं फुटलं. पहिल्या बेसपर्यंत तो गेलाच नाही. रात्री इस्पितळात मेला. खेळ तिथंच थांबला तो थांबलाच. धावफलकावर पाहुण्यांच्या सातव्या डावाची चौकट तेव्हापासून रिकामी आहे, त्यात आकडा घालायला कुणी धजलं नाही. स्टाल्क पुढं दारू पिऊन मेला. पुतळा मात्र झाला त्याचा.

"आणि तू याच माणसाचा पुतळा लोकांना दाखवतोस?" रस्टी हसला. "छान धंदा आहे." मग त्यानं टाच आणखी खोल घातली. माती उडाली. बॅट खांद्यावर घेऊन तो प्लेटवर ओणवला आणि अंधारात ओरडला, "ए स्टाल्क! पुरतोस ना मला? टाक की मग!"

लेनी ताडपत्री सोडून उभा राहिला. त्याला राग आला होता. गेलेल्या माणसाच्या नावानं असं ओरडू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. भीती अजून नव्हती.

मग तळाच्या मधून, पूर्वी उंचवटा होता तिथून, आवाज आला.

खर्र… खर्र…

खिळ्याचे बूट. कुणीतरी मातीवर पाय घासत होतं. आणि तिथं माती नाही. तिथं डांबर आहे.

"कोण आहे रे?" रस्टी म्हणाला.

कुणी नव्हतं. दिव्याच्या उजेडात रिकामं डांबर.

आवाज थांबला.

मग काहीतरी सूं करून आलं. रस्टीच्या हनुवटीखालून गेलं. मागच्या चर्चच्या भिंतीवर फाडकन आपटलं. विटेचा चुरा दोघांच्या केसांत पडला.

चेंडू कुठं दिसला नाही.

"रस्टी, बाहेर ये. ती बॅट टाक आणि बाहेर ये."

"कुणीतरी गंमत करतंय साला. ए! समोर ये ना हरामखोरा!"

"रस्टी…"

दुसरा त्याच्या छातीत बसला. शर्टाच्या खिशात फोन होता. काच फुटल्याचा आवाज, आणि पाठोपाठ हाड मोडल्याचा. रस्टी वाकला. वाकला नसता तर बरं झालं असतं. तिसरा गालावर आला.

ओलं लाकूड फुटतं तसा आवाज झाला. रस्टी सरळ खाली. तोंडातून रक्त, रक्तातून दात. डावा डोळा होता तिथं नुसता सुजलेला गोळा. तो ओरडत नव्हता. ओरडायला जबडा लागतो.

लेनी धावला. त्यानं रस्टीच्या काखेत हात घातले आणि गाडीकडे ओढायला लागला.

खर्र… खर्र…

चौथा रस्टीच्या पंजावर. बोटं उलटी फिरली. पाचवा मांडीवर. लेनी त्याच्या अंगावर आडवा पडला. सहावा लेनीच्या कोपराला चाटून आत गेला, बरोबर रस्टीच्या बरगडीत. लेनीला तो मारतच नव्हता. त्याला बॅटर हवा होता. फक्त बॅटर.

लेनी रडत होता. रडता रडता त्याला एक गोष्ट सुचली, जी आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही येते. चेंडू अंगाला लागला की बॅटरला पहिला बेस मिळतो. बेसवर गेला की तो बॅटर राहत नाही. बीमर गेला नव्हता.

त्यानं दिशा बदलली. गाडीकडे नाही, चकतीकडे. कॉलर धरून तो रस्टीला डांबरावरून फरफटत नेऊ लागला. मागं रक्ताचा पट्टा. आणखी एक पाठीत बसला. आणखी एक. रस्टी आता कण्हतही नव्हता. लेनीनं त्याचा मोडका पंजा उचलला आणि पितळी चकतीवर दाबला.

सगळं शांत झालं.

लेनीनं थोडा वेळ श्वास घेतला. मग रस्टीला उचलायला गेला. पंजा चकतीवरून निसटला मात्र…

चेंडू रस्टीच्या घोट्यावर आला. कडकन.

पंजा परत चकतीवर. शांतता.

आता कळलं तुम्हाला? बेस सोडून पाऊलभर जरी बाहेर पडलं तरी पिचर चेंडू मारतो. गाडीपर्यंत धावत जाऊन फोन करणं लेनीला जमलं असतं. पण मग माणसं येणार, रस्टीला उचलणार, आणि उचलताना… रस्टीच्या घशात रक्त बुडबुडत होतं. तो सकाळपर्यंत टिकणार नव्हता. तिघे बाद होऊन डाव संपला तरच बेस सुटतो. आणि डावात दोघे बाद होते. एकोणीसशे एकतीसपासून दोघेच बाद होते.

तिसरा कुणीतरी व्हायला हवा होता.

लेनी बसल्या जागी मोठ्यानं म्हणाला, "मार्से, मी आणतो गं याला." मग त्यानं तो चौदा नंबरचा शर्ट काढला. आपल्या संघाचा शर्ट घालून पाहुण्यांच्या बाजूनं कसं उभं राहणार? त्यानं तो घडी करून रस्टीच्या फुटक्या गालाखाली कोंबला, त्याचा पंजा चकतीवर नीट ठेवला, आणि बनियनवर प्लेटपाशी गेला.

आधी गुडघ्यावर बसला. रस्टीनं उकरलेला खड्डा तळहातानं बुजवला. माती थापून सपाट केली. मग बॅट उचलली आणि प्लेटपासून दूर, सभ्य माणसासारखा उभा राहिला. टाच नाही. ओणवणं नाही. काही बोलणं नाही.

तीन चेंडू न मारता प्लेटवरून जाऊ द्यायचे, की बॅटर बाद. हलायचं नाही.

खर्र…

पहिला पोटासमोरून गेला. वाऱ्यानं बनियन हललं.

दुसरा गुडघ्यापाशी.

मग खूप वेळ काहीच नाही. पावसाचे थेंब सुरू झाले. लेनीच्या पायातून गरम धार खाली गेली, हे त्यानंच मला सांगितलं, लाज न बाळगता.

तिसरा सरळ तोंडावर आला.

त्याला तो दिसला नाही. पण येताना कळतो. डोळ्यांच्या मधोमध. पायांना पळायचं होतं, मानेला मागं जायचं होतं. तो हलला नाही. शेवटच्या हातभर अंतरात हवा वळली, गालावरून थंडगार घसरली आणि खाली प्लेटवर गेली.

मग कुठंतरी लाकडी खुर्च्या मिटल्या. एक, मग दहा, मग सगळ्या. खेळ संपून लोक उठतात तशा.

लेनीनं बॅट टाकली. रस्टीला खांद्यावर घेतलं. पंजा चकतीवरून सुटला. काही झालं नाही.

रस्टी जगला. जबडा तारांनी बांधला, डावा डोळा गेला. डॉक्टरांनी पोलिसांना बोलावून त्याच्या गालफडावरचा वळ दाखवला. बारीक टाक्यांची वाकडी ओळ, बेसबॉलच्या शिवणीची. पोलीस म्हणाले, बॅट तुझी, रक्त तुझ्या बनियनवर, आता खरं काय ते बोल. मार्सी पोट धरून बाकावर बसली होती. ती भावाला एवढंच म्हणाली, "मी तुला काय सांगितलं होतं, लेन्या?" पुढं रस्टीनंच कागदावर डाव्या हातानं लिहून दिलं, की यानं मला वाचवलं. आता त्यांची मुलगी वर्षाची होत आली. रस्टी तिला नेहमी उजव्या बाजूला घेतो, दिसावी म्हणून.

पण त्या पहाटे पोलीस लेनीला घेऊन परत त्या तळावर गेले. पाऊस थांबला होता, रक्त धुऊन गेलं होतं. लेनीनं आधी पलीकडच्या भिंतीकडे बघितलं. धावफलकावर पाहुण्यांच्या सातव्या डावाच्या चौकटीत पत्र्याचं शून्य लटकत होतं.

तो तिथंच खाली बसला आणि हुंदके देऊन रडला. संपलं होतं. बीमरचा डाव संपला होता.

त्याच्याबरोबर एक पोलीसबाई होती, खेळातली जाणकार. ती वर बघत म्हणाली, "पाहुण्यांचं झालं म्हणजे आता आपली बॅटिंग, नाही का?"

लेनीनं मान वर केली. शून्याच्या खाली आपल्या संघाची चौकट. रिकामी.

सातव्या डावात आमच्या पिचरनं त्यांचा एक फोडला होता. आता उंचवट्यावर त्यांचा पिचर. आणि तो दुसरा कायदा तुम्हाला मघाशी सांगितलाच आहे.

लेनीनं ते काम सोडलं. या रस्त्यानं तो येत नाही, भर दिवसासुद्धा. धावफलकावर चढून ते शून्य काढायला अजून कुणी तयार झालेलं नाही. घरी जाताना बघा, दिवा आहे तिथं. फलकाच्या डावीकडे खालच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी आहे, आता बॅटिंगला कोण, ते दाखवणारी. इतकी वर्षं ती रिकामीच होती.

तिथं चौदा लागलेत.